उलटा पीळ

१

देवणीत जीप चालवणारी बाई एकच होती, वर्षाराणी. तिच्या नवऱ्याचं, सोमेशचं, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दूध संकलन केंद्र होतं. पण सोमेशला अधूनमधून फिट यायची आणि डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. तेव्हा लग्नानंतर वर्षाराणीच गाडी शिकली. शिकली तीही फोर बाय फोरची जुनी जीप, कारण माळवाडीचं दूध दुसऱ्या कशानं खाली येणं शक्यच नव्हतं. वाटेत वाळूचा ओढा आणि ओढ्याला लागूनच मुरमाचा उभा चढ. टेम्पो वाळूत रुतून बसे, मोटारसायकल मुरमावरून मागं घसरे. जीप तेवढी चारी चाकांनी माती धरत, गुरगुरत वर जाई.

रोज सकाळी ऊन तापायच्या आत रिकामे कॅन घेऊन वर जायचं, भरलेले घेऊन खाली यायचं. त्या वाटेचा दगडन् दगड तिच्या हातांना पाठ होता.

म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडाशी जे सुरू झालं ते तिच्या लगेच ध्यानात आलं. ॲक्सिलरेटर पोकळ लागू लागला. पाय दाबला की इंजिन बोंबलायचं, पण गाडी आपल्याच चालीनं चालायची. पाय सैल सोडला तरी तीच चाल. जणू वर इंजिनाचा एक संसार आणि खाली चाकांचा दुसरा, दोघांत बोलाचालीच नाही. हँडब्रेकही धरेनासा झाला. कुठं थांबलं की ती चाकाखाली दगड लावायची. 'क्लचप्लेट गेली असणार,' ती मनाशी म्हणाली. 'सवड मिळाली की उदगीरला टाकू.'

मग एका सकाळी चढाच्या मध्यावर शेळी आडवी आली. तिनं ब्रेक मारला, शेळी हटेपर्यंत इंजिन बंद केलं. शेळी निघून गेली. चावी फिरवण्याआधीच वर्षाराणीनं ब्रेकवरचा पाय उचलला, आणि आपण काय करून बसलो हे तिला कळलं. आता जीप मागं ओढ्यात जाणार होती.

जीप वर निघाली.

इंजिन बंद होतं. टायरखाली मुरूम करकरत होता, रिकाम्या कॅनची झाकणं बारीक वाजत होती, आणि जीप बैलगाडीच्या चालीनं, न अडखळता, चढ चढत होती. वर्षाराणी स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिली. भानावर येऊन तिनं ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबली, पण लगेच नाही. कुणी अजून थोडा रेटा लावून पाहावा आणि मग सोडून द्यावा, तशी थांबली.

आरशात फक्त धूळ होती. वारा तर पानही हलवत नव्हता.

२

काही जागा अशा असतात म्हणे, जिथं डोळ्यांना चढ दिसतो आणि खरा असतो उतार. वर्षाराणीनं हे कुठंतरी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्या जागी मुद्दाम उतरली आणि तिनं बाटलीतलं पाणी मुरमावर ओतलं. पाणी सरळ ओढ्याकडं पळालं.

वर पंढरीमामांच्या अंगणात वाडीचं सगळं दूध जमा व्हायचं. पंढरीमामा वाडीतलं वडीलधारं माणूस. देवणी जातीच्या गाई त्यांनी पोटच्या लेकरांसारख्या सांभाळलेल्या. त्या दिवशी कॅन भरेपर्यंत ते दावणीकडं बघत होते. मग म्हणाले, "पोरी, गाडीमागं काई जनावर-बिनावर बांधून आणून राहिलीस का?"

"न्हाई मामा. का बरं?"

"ढोरं बघ."

दावणीच्या गाई रवंथ करायच्या थांबल्या होत्या. सगळ्यांचे कान एकाच बाजूला वळलेले. त्या जीपकडं बघत नव्हत्या. जीपच्या मागं थोडी मोकळी जागा होती, सारवलेलं अंगण, त्यावर स्वच्छ ऊन. त्या तिकडं बघत होत्या.

"तू आलीस की अशाच करतेत," पंढरीमामा म्हणाले. "आणि नजर बघ कशी खाली हाय त्यांची. जसं कुणी लई दमून तिथं बसलंय."

वर्षाराणी हसली. "डिझेलचा वास येत असंल त्यांना."

पण त्या दिवशी तिनं भरलेले कॅन मागच्या फळीवरून चढवले नाहीत. बाजूचं हूडचं कापड सोडलं आणि तिथून, वाकून, कंबर मोडेस्तोवर, एकेक आत ओढून घेतला. का, ते पंढरीमामांनी विचारलं नाही.

३

उमाशंकरचं गॅरेज उदगीरला देगलूर रस्त्यावर होतं. खाणीत, डोंगरात जीपा घालून शर्यती लावणारी हौशी मंडळी त्याच्याकडंच गाड्या दुरुस्तीला आणायची. मोडक्या एक्सलांचा ढीग दाराशीच पडलेला. वर्षाराणीनं जीप फाटकातून आत घेतली आणि क्लचप्लेटचं सांगितलं.

उमाशंकरनं जीप ठोकळ्यांवर चढवली, इंजिन चालू करून गिअर टाकला आणि तिला खाली वाकायला लावलं. पोटाखालचा लांब दांडा गरगर फिरत होता. चारही चाकं मुकाट उभी होती.

"क्लचप्लेट ठणठणीत हाय वैनी. जोर चाकापर्यंत जाऊनच न्हाई राहिला."

त्यानं मागच्या चाकाच्या मधले बोल्ट सोडले आणि एक्सल बाहेर ओढला. एक्सल म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. हातभर लांब दांडा यायला हवा होता, आला वीतभर तुकडा. या जुन्या जीपमध्ये चाकाचं ओझं बाहेरच्या नळीवर असतं. आतला दांडा मोडला तरी चाक निखळत नाही, मोकळं फिरत राहतं. उमाशंकरनं दुसरं चाक उघडलं. मग पुढची दोन. चारही एक्सल मोडले होते.

"एक मोडतो. कधी दोन मोडतेत," तो म्हणाला. त्यानं तुकड्याचं तोंड बोटानं पुसून उजेडात धरलं. ताजी मोड चांदीसारखी चमकते. ही काळवंडलेली होती, कडा घासून गुळगुळीत. "हे मोडून लई दिस झाले, वैनी. गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली का?"

"चालवत आणली."

"देवणीवरून?"

"हाव. तुमच्यासमोरच तर आत घेतली."

उमाशंकर हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. त्यानं फाटकाकडं पाहिलं. फाटकापासून आतपर्यंतची जमीन किंचित चढाची होती.

"एखादा तुकडा तुकड्यात अडकत असंल," तो म्हणाला. "अडकला की चाक फिरतं, सुटला की न्हाई."

"होतं ना असं?"

"होत असंल." तो फडक्याला हात पुसत राहिला, पुसून झाले होते तरी.

जीप तिथं ठेवून ती एसटीनं घरी आली. दुसऱ्या दिवशी उमाशंकरचा फोन आला. काम चालू आहे, पण सकाळी गॅरेज उघडलं तर जीप ठोकळ्यांवरून खाली आलेली आणि समोरच्या भिंतीला टेकलेली. बंपरनं भिंतीच्या विटा आत घातल्या होत्या.

"ठोकळे नीट लावले नसतील तुम्ही," वर्षाराणी म्हणाली.

"तसंच असंल," उमाशंकर म्हणाला.

४

नवे एक्सल बसले आणि जीप पुन्हा शहाण्यासारखी वागू लागली. पाय दाबला की धावत होती, सोडला की मंदावत होती. उदगीर ते देवणी सपाट रस्त्यानं येताना वर्षाराणीचा जीव भांड्यात पडला. जेवताना तिनं सोमेशला सगळं सांगितलं, अगदी गाईंचंसुद्धा. सोमेशनं ऐकून घेतलं. "तुकडा अडकत असंल," तोही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चढाला लागल्याबरोबर तिला कळलं की मागचा जोर गेलेला नाही. आता त्यात इंजिनाची भर पडली होती.

जीप चढावर उसळली. दगडांवरून चाकं उडायला लागली, कॅन एकमेकांवर आदळले. आयुष्यात पहिल्यांदा वर्षाराणीला चढावर वेग आवरायला ब्रेक दाबावा लागला. माथ्यावर पोचून तिनं गाडी थांबवली, चाकाखाली दगड लावला आणि चालत थोडी खाली आली. तिच्या टायरच्या दोन रेघांच्या मधोमध मुरमात खड्डे पडले होते. पाय रोवून जोर लावला की पडतात तसे, पुढून उथळ आणि मागं खोल. पण एका खड्ड्यापासून दुसऱ्या खड्ड्यापर्यंत पोचायला तिला पाच-सहा पावलं टाकावी लागली.

पावसाच्या पाण्यानं पडले असतील, तिनं ठरवलं. पाऊस होऊन सात-आठ महिने झाले होते.

दूध भरलं. ऊन चढत होतं, नासायच्या आत खाली न्यायला हवं होतं. चढावर ढकलणारं उतारावर सोडून देईल, असं तिला का वाटलं होतं कोण जाणे. पहिल्याच वळणावर मागून रेटा आला. ती लो गिअरमध्ये होती, पहिल्यात. तशी जीप उतारावर मुंगीच्या पावलानं उतरते. इंजिन किंचाळायला लागलं. ब्रेकचा जळका वास आला. चाकं थांबलेली आणि तरी जीप मुरमावरून घसरत चाललेली. कॅनची झाकणं उडाली, दूध तिच्या पायांपर्यंत आलं, पेडलवरून पाय निसटला. मग गाडीच्या पोटात बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि जीप सुटली.

तिनं स्टिअरिंग बांधाकडं मारलं. जीप बांधाला घासत, दगड फोडत खाली आली आणि ओढ्याच्या वाळूत तोंड खुपसून थांबली.

सगळं शांत झालं. वाळूत दूध मुरत होतं. वर्षाराणीनं आधी आपले हात पाहिले, मग पाय. सगळं जागेवर होतं. श्वास खाली बसला तेव्हा तिच्या लक्षात आलं की बॉनेटपर्यंत रुतलेली जीप अजून हलते आहे. थोडी पुढं, मग सैल. पुन्हा थोडी पुढं. मागून कुणी हट्टानं ढोसावं तशी.

ती दार उघडून उतरली आणि मागं न पाहता डांबरी रस्त्यापर्यंत पळाली.

५

जीप ट्रॅक्टरनं ओढून उदगीरला नेली. या वेळी सोमेश बरोबर होता. उमाशंकरनं मोडलेला एक्सल दोघांसमोर धरला.

"मोडायच्या आधी लोखंड पिळवटतं, ओल्या धोतरासारखं," तो म्हणाला. "रोज बघतो मी. इंजिन चाकाला फिरवतं, तसा पीळ पडतो. हा उलटा हाय. चाकानं इंजिनाला फिरवलंय."

"उतार होता," सोमेश म्हणाला. "गाडीत दूध होतं."

"उतारावर येतो थोडा उलटा जोर. पण नवा दांडा मोडायचा म्हणजे..." तो थांबला. "मागनं लोटायला डोंगरच लागंल." त्यानं तुकडा ढिगात टाकला नाही, वेगळा, भिंतीशी ठेवला. "दुसरे बसवून देतो. पण वैनी, राग नका मानू. गाडी परत माझ्याकडं आणू नका."

परतीच्या एसटीत वर्षाराणी म्हणाली, "माळवाडी सोडून देऊ आपण."

"तेवढ्या दुधावरच तर आपलं केंद्र हाय. अन् त्यांनी काय दूध ओढ्यात ओतायचं?"

"तुम्हाला वाटून राहिलं मी घाबरून ब्रेक चुकले."

"तसं न्हाई वर्षा." सोमेश तिच्याकडं वळला. "एखादं माकडटोळकं गाडीमागं लटकत असंल. माळावरच्या बंद खाणीत बसणारं कुणी असंल. बघितल्याबिगर सोडायचं कसं? मी येतो. मागं बसतो, मागं तोंड करून."

"अन् फिट आली म्हणजे?"

"येण्याआधी डोळ्यापुढं चमचम होते. मला कळतं. तुला सांगीन."

६

सोमेश कॅनच्या मधोमध पोतं टाकून बसला. पाठ तिच्याकडं, तोंड मागं. हूडचं मागचं कापड त्यानं गुंडाळून वर बांधलं, म्हणजे मागच्या फळीवरून सगळा रस्ता दिसावा. सकाळ लख्ख होती. ओढा ओलांडताना तो मोठ्यानं बोलत होता.

"काई न्हाई. वाळू हाय. एक टिटवी हाय."

चढ लागला. वर्षाराणीनं दात आवळले. आली. ती उसळी आली, पाठ सीटला चिकटली.

"काई न्हाई," सोमेश ओरडला. "धूळ हाय नुसती. लई धूळ हाय."

मग तो बोलायचा थांबला.

"अहो," ती म्हणाली.

तिनं हात मागं नेऊन सीटच्या पाठीवर थाप मारली.

"अहो, चमचम होतेय का? बोला की!"

"न्हाई." त्याचा आवाज अगदी हळू होता, लहान लेकरू झोपलेलं असताना बोलावं तसा. "वर्षा, थांबू नको."

"काय दिसलं?"

"पुढं बघ तू. थांबू नको फक्त."

कॅन सरकल्याचा आवाज आला. तो फळीपासून मागं, तिच्या सीटकडं सरकत होता. त्याची पाठ तिच्या सीटला येऊन टेकली. पुढं बघायचं तिनं ठरवलं होतं. रस्त्यात खळगा आला, आरसा हलला, आणि तिची नजर गेली.

धूळ क्षणभर बाजूला झाली होती. फळीला कपाळ टेकलेलं होतं. गाईचं म्हणावं तर शिंगं नव्हती. माणसाचं म्हणावं तर फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते पुरत होतं. त्यावर मुरमाची तांबूस पूड बसली होती आणि तिच्यातून घामाचे ओघळ वाहत होते. डोकं खाली घालून, जमिनीकडं बघत, ते मन लावून ढकलत होतं.

आणि आपल्याकडं कुणी बघतंय हे कळल्यासारखं ते हळूहळू वर व्हायला लागलं.

वर्षाराणीनं आरसा हातानं फटकावून फिरवला.

७

चढ संपला की माळ लागतो. डावीकडं बंद पडलेली खडीची खाण आणि पलीकडं दूर माळवाडीची घरं. माथ्यावर येताच वर्षाराणीनं गाडी वाटेवरून काढून खाणीच्या दिशेला घेतली, न्यूट्रल केली आणि चावी बंद केली. जीप चालत राहिली. सपाट माळावर, सावकाश, बैलगाडीच्या चालीनं.

"गाडीच पाहिजे असंल तर नेऊ दे," ती म्हणाली. "पुढून या. माझ्या बाजूनं नका, डावीकडनं उतरा. मागं बघायचं न्हाई."

सोमेश कॅनवरून रांगत पुढच्या सीटवर आला आणि उतरला. त्याच्या पाठोपाठ तीही त्याच बाजूनं उतरली. जवळच एक बाभळ होती. तिनं त्याचं तोंड बाभळीच्या खोडाकडं वळवलं, आपलंही वळवलं आणि त्याचा हात घट्ट धरला.

त्यांच्या पाठीमागून जीप चालली होती. पुढचं चाक करकरत गेलं. झाकणं वाजत गेली. मागचं चाक गेलं. आणि चाकाच्या मागोमाग दुसरं काही गेलं. नाकातून जड श्वास सोडत, पाय ओढत. बाभळीच्या खोडावर त्या दोघांच्या सावल्या पडल्या होत्या. त्या काही वेळ दिसेनाशा झाल्या, मग पुन्हा दिसू लागल्या.

खाणीच्या काठाचा मुरूम ढासळला. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून लोखंड दगडावर आदळल्याचा आवाज आला, त्याचा घुमारा आला, आणि शेवटी एक कॅन कितीतरी वेळ गडगडत राहिला.

होला घुमायला लागला तेव्हा सोमेश म्हणाला, "वर्षा, मला फिट आली होती. होय ना?"

तो तिच्याकडं आशेनं बघत होता. 'हाव' म्हणावं असं तिला फार वाटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मी पण बघितलं."

माळवाडीला जायचं तर खाणीच्या कडेनं जावं लागणार होतं. न बोलताच दोघं उलटे वळले आणि उताराला लागले. गाडी गेली त्याचं दुःख अजून पोचलंच नव्हतं. सोमेशच्या तोंडावर रंग परत येत होता. तो म्हणाला, खालच्या गावांतलं दूध धरू आपण, टेम्पो पुरंल. ती म्हणाली, पुरंल. ओढा दिसायला लागला, ओढ्यापलीकडं डांबरी रस्ता, आणि लांबून उदगीरची एसटी येत होती, टपावर ऊन चमकवत.

"ती गाठू," सोमेश म्हणाला आणि हसला. थोडं पुढं गेल्यावर त्याला धाप लागली. तिचा हात त्याला पुढं ओढत होता. त्याची एक चप्पल निसटून मागं राहिली.

"वर्षा, जरा हळू चाल की."

दोन्ही खांद्यांच्या मध्ये तिच्या पाठीला काहीतरी रुंद, कोमट आणि ओलं टेकलं होतं. तिनं बोटं सैल केली आणि त्याचा हात सोडून दिला.

"मी चालून न्हाई राहिले," ती म्हणाली.